सापळे भरतात, तरी फळे किडतात : फळमाशी दरवर्षी परत का येते आणि बांधावरच्या रानफळांचा त्यात वाटा किती

पेरूच्या बागेत फळमाशीचे सापळे लावले, आठवड्याभरात ते मेलेल्या माश्यांनी भरले, आणि तरीही पाडाला आलेला पेरू कापला की आत पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसतात, ही तक्रार बीड-परभणीकडे दर श्रावण-भाद्रपदात ऐकू येते. बोरवाल्यांची तक्रार नेमकी उलटी असते : सापळा रिकामाच राहतो आणि संक्रांतीच्या तोंडावर तोडलेले बोर मात्र आतून काळपट, भुसभुशीत निघते. दोन्ही तक्रारींना दुकानात सहसा एकच उत्तर मिळते, की सापळे वाढवा नाहीतर औषध बदला. मी दोन्ही करून पाहिले. बालाघाटाच्या उतारावरची माझी जमीन एका अंगाने ओढ्याला आणि दुसऱ्या अंगाने गायरानाला लागून आहे, आणि तीन हंगाम मी फक्त बागेत पाहत राहिलो, बांधापलीकडे गेलो नाही. चूक तिथे होती. आपल्या झाडावर फळ नसते त्या महिन्यांतही माशीचे पोट कशावर तरी चालते आणि ते कशावर चालते हे जोवर कळत नाही, तोवर पुढच्या बहाराला ती पुन्हा दारात उभी असते.

यावर सुचवला जाणारा सोपा उपाय म्हणजे बांधावरचे सगळे रान काढून टाकणे. तो मी करणार नाही आणि कोणी करावा असे मला वाटत नाही. सगळ्या रानफळांत एकच माशी नसते. कोणत्या रानफळातून कोणती माशी निघते हे आधी ठरवले तर काम निम्म्याहून कमी होते.

आधी खात्री : किडलेले फळ फळमाशीचेच आहे का?

मोसंबीवाल्यांनी हा प्रश्न सगळ्यात आधी विचारावा. जालना आणि छत्रपती संभाजीनगरच्या पट्ट्यात पक्व होत आलेली मोसंबी गळते, सालीवर सुईने टोचल्यासारखे भोक दिसते, फळ दाबले की त्यातून आंबलेला रस येतो, आणि शेतकरी फळमाशीचे सापळे आणायला धावतो. हे काम बहुतेक वेळा रस शोषणाऱ्या पतंगाचे असते. तो अंधार पडल्यावर येतो, त्याचे मागचे पंख नारिंगी आणि त्यांवर काळे डाग असतात, आणि तो सोंडेने साल भेदून रस पितो. फळात अंडी घालत नाही. त्याची अळी मोसंबीवर वाढतच नाही. ती वाढते बांधावरच्या गुळवेलीवर आणि वासनवेलीवर. म्हणजे इथेही दोष बांधाकडेच जातो, पण वेल वेगळी, कीड वेगळी, आणि फळमाशीच्या सापळ्यात हा पतंग कधीच अडकणार नाही. गळून दोन-चार दिवस पडलेल्या मोसंबीत बारीक अळ्या दिसल्या, तरी त्यांवरून निष्कर्ष काढू नये; आंबलेल्या फळावर घरातल्या केळ्यांभोवती घोंघावणारी चिलटेही अंडी घालतात. तपासायचे ते झाडावरचे फळ.

बोरातही असाच घोटाळा होतो. बोर पोखरणारी अळी लालसर असते, तिला डोके आणि पाय स्पष्ट दिसतात आणि ती पुढे पतंग होते. फळमाशीची अळी पिवळसर पांढरी, बिनपायाची, पुढे निमुळती आणि मागे बोथट असते. डाळिंबात भोक पाडून बाहेर विष्ठा टाकणारी अळीसुद्धा फुलपाखराची असते. शंका राहिली तर एक साधी परीक्षा आहे : पूर्ण वाढलेली अळी तळहातावर घ्या आणि क्षणभर थांबा. फळमाशीची अळी अंगाचे वेटोळे करते, तोंडाचा आकडा शेपटीकडच्या कडेला अडकवते, ताण देते आणि सुटताच चार बोटे लांब उडी मारते. एकदा हे पाहिले की पुन्हा ओळख चुकत नाही.

सापळा काय सांगतो आणि काय सांगत नाही

आंबा-पेरूच्या सापळ्यांत मिथिल युजेनॉल हे गंधद्रव्य आमिष म्हणून असते आणि त्याकडे फळमाशीचे फक्त नर येतात. बिहारमधील पुसा येथे काम करणाऱ्या फ्रँक हॉवलेट यांनी १९१२ मध्ये सिट्रोनेलाच्या तेलाकडे हे नर ओढले जातात असे नोंदवले आणि १९१५ मध्ये त्यामागचे द्रव्य मिथिल युजेनॉल असल्याचे दाखवले. आजचे लाकडी ठोकळ्याचे सापळे त्याच शोधावर उभे आहेत. तुळशीतही हे द्रव्य असते. मे महिन्यात आंब्याच्या सावलीत मूठभर तुळशीची पाने चुरगळून ठेवली, तर थोड्या वेळात पानांवर नर बसून चाटत असलेले दिसतात. अंडी घालणारी मादी मात्र ना त्या पानांवर येते ना सापळ्यात. एक नर अनेक माद्यांशी जुगतो, आणि गायरानातून येणारी मादी बहुधा तिकडेच जुगून आलेली असते. त्यामुळे भरलेला सापळा म्हणजे बाग सुरक्षित, असे मानता येत नाही. आसपास माशी किती आहे, एवढेच तो सांगतो. अर्थात, संपूर्ण शिवारात आणि फळे लागण्याच्या पुष्कळ आधीपासून लावलेल्या सापळ्यांनी नर कमी होऊन उपयोग होतो. फळे पाडाला आल्यावर एकट्या बागेत लावलेल्या सापळ्यांकडून ती अपेक्षा धरू नये.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. मिथिल युजेनॉलला आंबा-पेरूवरच्या तीन माश्या भुलतात : बॅक्ट्रोसेरा वंशातल्या डोर्सालिस, झोनाटा आणि करेक्टा. कारले, दोडके, काकडी यांवरच्या वेलवर्गीय फळमाशीला क्यू-ल्युर हे वेगळे गंधद्रव्य लागते. वेलींवरच असणारी डॅकस सिलिएटस ही लहान लालसर माशी आणि बोरावरची कार्पोमिया म्हणजे बोरमाशी या दोन्ही माश्या या दोन्ही गंधांना दाद देत नाहीत. बोराच्या बागेतला सापळा रिकामा का राहतो, याचे उत्तर एवढेच आहे. मला एका दुकानात कारल्यासाठी मिथिल युजेनॉलच्याच वड्या दिल्या होत्या आणि मी त्या दीड महिना टांगून ठेवल्या. सापळ्यात पडत होते ते शेजारच्या आंब्यावरचे नर. वडी घेताना तिच्यावरचे नाव वाचावे, पिकाचे चित्र पाहून भागत नाही.

डबा लावून पाहणे

रानफळातली माशी ओळखण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे ते फळ घरी आणून माशी बाहेर पडू देणे. त्याला खर्च नाही, पंधरा-वीस दिवस धीर लागतो. बांधावरच्या, ओढ्याच्या आणि गायरानातल्या प्रत्येक जातीची किलोभर फळे वेगवेगळी गोळा करावीत. निम्मी झाडावरची पिकलेली, निम्मी नुकतीच गळलेली. प्रत्येक जातीसाठी एक बादली किंवा पत्र्याचा डबा घ्यावा, तळाशी दोन बोटे चाळलेली, किंचित ओलसर वाळू घालावी, वर फळे ठेवावीत आणि तोंडाला पातळ सुती कापड दोरीने घट्ट बांधावे. डबा सावलीत ठेवावा, मुंग्या येऊ नयेत म्हणून खाली पाण्याची परात द्यावी, आणि डब्यावर फळाचे नाव, जागा व तारीख लिहावी. ती लिहिली नाही तर दहा दिवसांनी काहीच आठवत नाही, हे अनुभवाने सांगतो.

आठवड्याने वाळू चाळली की तांदळाच्या दाण्याएवढे तपकिरी कोष हाती येतात. ते काचेच्या बरणीत थोड्या ओलसर वाळूवर ठेवून तोंड कापडाने बांधावे. पावसाळ्यात साधारण आठ ते बारा दिवसांत माशी बाहेर येते, थंडीत अधिक दिवस लागतात. बाहेर आलेल्या माशीला लगेच मारू नये, कारण पहिल्या दिवशी तिचा रंग फिका असतो आणि सगळ्या सारख्याच दिसतात. साखरेच्या पाण्यात भिजवलेला कापूस आत ठेवून दोन दिवस जगू द्यावे आणि मग पंख पाहावेत.

पंखाच्या वरच्या कडेने सलग काळपट पट्टी गेली असेल, तर ती डोर्सालिस. पट्टी मध्येच तुटून टोकाला वेगळा ठिपका राहिला असेल, तर करेक्टा. अंग तांबूस आणि पंखाच्या टोकाला फक्त एक ठिपका असेल, तर झोनाटा. पंखावर कडेच्या पट्टीखेरीज मागच्या बाजूने आडवी रेघ आणि टोकाशी मोठा डाग असेल, शिवाय पाठीवर मधोमध एक पिवळी रेघ असेल, तर ती वेलवर्गीय फळमाशी. आणि माशी लहान, पिवळसर, पाठीवर काळे ठिपके आणि पंखांवर आडवे पट्टे अशी दिसली, तर ती बोरमाशी. एवढ्यावरही अडले, तर माशी छोट्या बाटलीत स्पिरिटमध्ये घालून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या कीटकशास्त्र विभागात दाखवावी.

कोणत्या रानफळात कोण

बोरमाशीचे गणित सगळ्यात सरळ आहे, कारण ती बोराच्या कुळाबाहेर जात नाही. बागेतले उमराण किंवा कडाका, बांधावरची गावठी बोर, माळावरची बोराटी आणि ओढ्याकाठची येरोणी, हेच तिचे जग. कार्पोमिया व्हेसुव्हियाना या तिच्या शास्त्रीय नावात मात्र इटलीतल्या व्हेसुव्हियस पर्वताचे नाव आहे, कारण १८५४ मध्ये तिचे वर्णन तिकडे झाले. मराठवाड्यात बोराटी प्रत्येक माळावर आहे आणि तिच्या फांद्यांचे कुंपण प्रत्येक मळ्याला आहे. पोरे ज्यांना चन्यामन्या म्हणतात ती बोरे बागेतल्या बोरांच्या आगेमागे पिकतात, त्यामुळे एकीकडे फळ नसले तरी दुसरीकडे असते. मादी बोर वाटाण्याएवढे झाल्यापासूनच सालीखाली अंडी घालते. संक्रांतीच्या सुगडात किंवा बोरन्हाणाच्या परडीत दिसणारी किडकी बोरे दीड-दोन महिने आधी डंख झालेली असतात. अळी बोराबरोबर जमिनीवर येते, दोन-तीन इंच खाली कोष करते, आणि हंगामाअखेरचे पुष्कळसे कोष उन्हाळाभर मातीतच निपचित पडून राहतात. म्हणजे बोरमाशी बाहेरून येण्याइतकीच आपल्या आळ्यातूनही वर येते.

वेलवर्गीय फळमाशीचे घर पावसाळ्यात हिरवे होते. बाजरीत आणि कपाशीत आपोआप उगवणारे शेंदाड, काटेरी झुडपांवर चढणारे करटुले, कुंपणावरची रानतोंडली, वाळवंटी जागेतले कडू इंद्रावण आणि ओढ्याकाठचे कवंडळ, यांत तिची वाढ होते. करटुल्याची वेल जमिनीतल्या कंदातून दर पावसाळ्यात त्याच जागी फुटते, त्यामुळे ज्या कुंपणाला यंदा अळ्या मिळाल्या तिथे पुढच्या वर्षी पुन्हा मिळतील असे धरून चालावे. माझ्याकडे सगळ्यात जास्त कोष निघाले ते पिकून पिवळ्या पडलेल्या, शेळ्यांनीही तोंड न लावलेल्या शेंदाडांत. एका मुठीएवढ्या फळात मी सत्तावीस मोजले. कारल्याची वेल त्या कपाशीपासून पन्नास पावलांवर होती.

पेरू, आंबा, सीताफळ यांवरच्या माश्यांना मात्र एक घर नसते. पेरू आणि सीताफळ ही मुळात अमेरिकेतून आलेली झाडे, बालाघाटाच्या डोंगरात सीताफळ कितीही रानटी वाटले तरी. माशी इथलीच आहे आणि ती आधीपासून जांभूळ, बोर, करवंद, बेल अशा फळांवर जगत आली आहे; आपण तिला मऊ सालीची, गोड, डझनांनी लागणारी फळे आयती दिली. मे महिन्यात ती केशर आंब्यात असते, मृगाच्या आसपास ओढ्याकाठच्या जांभळात, पावसाळ्यात पेरूत, दिवाळीच्या सुमारास सीताफळात. थंडीत तिची संख्या उतरते आणि मार्चपासून पुन्हा चढू लागते. याच गटातल्या माश्यांमुळे युरोपीय संघाने २०१४ मध्ये भारतीय आंब्याची आयात थांबवली होती. जानेवारी २०१५ मध्ये ती बंदी उठवण्याचा निर्णय झाला. गावात या माश्यांचे आणखी एक ठिकाण असते आणि तिकडे कोणाचेच लक्ष नसते : शाळेच्या किंवा देवळाच्या आवारातला देशी बदाम. तो सावलीसाठी लावलेला असतो, वर्षातून एकाहून अधिक वेळा फळतो, आणि त्याची गळलेली फळे पारावर कुजत पडतात. डोर्सालिस आणि करेक्टा या दोन्ही माश्यांना तो फार मानवतो.

आता निर्दोषांविषयी. रुईचे बोंड फोडले तर आत अळ्या सापडतात आणि त्या फळमाशीच्याच कुळातल्या असतात, म्हणून काही जण गायरानातली रुई कापून जाळतात. रुईवरची ती माशी रुईच्याच बिया खाते; पेरूला ती तोंड लावत नाही. उंबर फोडल्यावर उडणारे बारीक किडे तर माश्याही नव्हेत. ते उंबराच्या फुलांचे परागीभवन करणारे, गांधीलमाशीच्या कुळातले सूक्ष्म कीटक आहेत आणि त्यांच्याविना उंबराला बी धरणार नाही.

मग करायचे काय

डब्यातून जी माशी निघाली असेल तिच्यापुरतेच काम करावे. शेंदाडाला वेलवर्गीय माशी निघाली आणि आपल्याकडे कारले नसून पेरू असेल, तर शेंदाडामागे एक दिवसही घालवू नये. कारले असेल, तर शेंदाड आणि करटुले पिकू न देणे हाच उपाय आहे, आणि तो सुदैवाने चवदार आहे : करटुली हिरवी असतानाच भाजीसाठी तोडावीत, कोवळी शेंदाडे उन्हात वाळवून तळणासाठी ठेवावीत, वेल उपटण्याची गरज नाही. पाहायचे ते एवढेच, की पिवळे फळ मागे राहू नये. याखेरीज कारल्याच्या कडेने मक्याच्या दोन ओळी पेराव्यात. ही माशी दिवसाचा बराच वेळ आणि रात्र कडेच्या उंच झाडोऱ्यात काढते आणि अंडी घालण्यापुरती वेलीवर येते, त्यामुळे गुळाचे विषारी आमिष मक्याच्या पानांच्या खालच्या बाजूला शिंपडल्यास ते नर-मादी दोघांना गाठते आणि कारल्यावर औषध पडत नाही. दहा लिटर पाण्याला १०० ग्रॅम गूळ पुरतो. कीटकनाशक मात्र त्या पिकासाठी लेबलवर नोंद असलेलेच, लेबलवरच्याच प्रमाणात घ्यावे. सापळ्याला दाद न देणाऱ्या डॅकस सिलिएटससाठीही याच आमिषाचा आधार आहे.

बोरासाठी दोन कामे चुकवू नयेत. एप्रिल-मे महिन्यांत छाटणी झाली की झाडाखालची माती आळ्याच्या घेरापर्यंत चार इंच हलवून उन्हात उघडी टाकावी आणि त्याच दिवशी त्यावर कोंबड्या सोडाव्यात. साळुंक्या आपण होऊन येतात. काळ्या भारी जमिनीत हे मोठ्या भेगा पडण्याआधी करावे, नंतर अळ्या भेगांतून खोल उतरलेल्या असतात आणि कुदळ त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, असा माझा अनुभव आहे. दुसरे काम म्हणजे गळलेली बोरे दर दोन दिवसांनी उचलणे, बागेतली आणि बांधावरचीही. शेळ्या हे काम माणसांपेक्षा चांगले करतात. माझ्याकडे आता नोव्हेंबरपासून संध्याकाळचा तासभर शेळ्या बोराटीच्या पट्ट्यात चरतात.

पेरूला पिशवी घालणे हाच भरवशाचा उपाय आहे. फळ लिंबाएवढे झाले की फोमची जाळी आणि तिच्यावर पिशवी चढवावी. उशीर केला तर आधीच डंख झालेले फळ आपण जपून वाढवत बसतो. ओढ्याच्या बाजूच्या दोन ओळींपासून सुरुवात करावी, कारण पहिला फटका तिथे बसतो. सापळे एकरी चार ते सहा, पण एप्रिलपासून, आणि शेजाऱ्यांनाही लावायला सांगून. देशी बदामाच्या फळांसाठी शाळेत बोलावे. आमच्या गावात आठवड्यातून एकदा पोरे ती वेचून पोत्यात भरतात.

वेचलेल्या फळांचे काय करता यावर पुढचे सगळे अवलंबून असते. उकिरड्यावर टाकलेल्या फळांतून माशी आरामात बाहेर येते. दोन फूट खड्डा घेऊन वर माती दाबावी, किंवा काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर उन्हात ठेवावे. तिसरी रीत हवाई बेटांवर वापरतात आणि मला ती सगळ्यात पटली : फळे जाळीच्या तंबूत टाकायची. मी त्यासाठी जुनी मच्छरदाणी वापरतो, कडा मातीत गाडून. बाहेर येणारी माशी आतच अडकून मरते. पण अळीच्या अंगात वाढणारी बारीक परोपजीवी गांधीलमाशी त्याच छिद्रांतून निसटून बागेत जाते. बोरमाशीवर जगणारी अशी एक जात आपल्याकडे आहे, फोपियस कार्पोमियी, आणि बांधावरची रानबोर मी तोडली नाही याचे कारण तीच आहे. बागेतल्या औषध मारलेल्या बोरांच्या बरणीतून मला ती एकदाही मिळाली नाही. बांधावरच्या बोरांच्या बरणीत गेल्या डिसेंबरात अकरा बोरमाश्या निघाल्या आणि त्यांच्यासोबत, शेपटीला केसासारखी लांब नळी असलेल्या, सात गांधीलमाश्या. ती बरणी तशीच कापड सोडून मी बोराच्या बुंध्याशी ठेवून दिली, माश्या मात्र आधी काढून.